कमळ, फक्त रक्तच तर द्यायचं होतं

कमळ, आपलं भांडण मिटलेलं नाही, हे आधीच सांगते. तू गेलीस म्हणून मी माघार घेतली असं समजू नकोस. मोठी बहीण आहे मी तुझी. तुला द्यायची उत्तरं माझ्याकडे अजून शिल्लक आहेत, एकाहून एक सरस, आणि ती ऐकायला समोर कुणी नाही. सकाळी चहा ठेवताना मी तुझ्याशी मोठ्यानं बोलते. शेजारच्यांना वाटत असेल म्हातारीचं डोकं फिरलं. फिरलंच असेल.

हे लिहायला बसले ते ईशानमुळे. तुझं तेरावं झाल्यावर त्याचा आणि अन्वीचा, माझ्या नातवंडांचा, कॅनडाहून फोन आला. अन्वी नुसती रडत होती. ईशान मात्र मुलगा आहे हिशेबी डोक्याचा. तो म्हणाला, "आजी, कमळआजीला फक्त रक्तच तर द्यायचं होतं ना? ऑपरेशन नाही, काही नाही. मग तिनं तेव्हाच का नाही दिलं?" कॉलेजात जन्मभर इंग्रजी शिकवलं मी, पोरांच्या प्रश्नांना उत्तरं देत आले, आणि नातवाच्या या एका प्रश्नावर "नंतर सांगते" म्हणून मी फोन ठेवला. पोरांनो, म्हणून हे कागदावर. लिहिते तुमच्यासाठी, पण बोलणार तिच्याशी. तिची अहिराणी आहे तशीच ठेवते. शुद्ध मराठीत ती कधी कुणाशी भांडली नाही, आणि तिला दुसऱ्या कुणाच्या भाषेत मी बोलायला लावणार नाही.

कमळ, तू माझ्या घरी आलीस की आधी स्वयंपाकघरात शिरायचीस. माझे डबे बघायचे, त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या वाचायच्या आणि हसायचं. सॉल्ट, टर्मरिक, क्युमिन. "आक्काना घरमा मीठबी इंग्रजीमा खारट लागस," असं सगळ्यांना सांगत सुटायचीस. मला राग यायचा. लहानपणी बाबांनी मला मामांकडे सुरतेला इंग्रजी शाळेत धाडलं आणि तुला तापीकाठी घरीच ठेवलं, हे त्या हसण्यात कुठंतरी होतं असं मला नेहमी वाटायचं. एकदा मी विचारलंही. तू म्हणालीस, "तू सुरतले गयी म्हनीसन माले तुन्ही गोधडी भेटनी. मी कसाले रडू?" हे खरं होतं की माझी समजूत घालणं होतं, ते मला कळलं नाही. आता कळणारही नाही.

मोलगीच्या आश्रमशाळेत तू मुलींची अधीक्षिका होतीस तेव्हा सुट्टीला जीपनं डोंगर उतरून, मग एसटीनं माझ्याकडे यायचीस. पिशवीत आमचूर, भगर, कधी चारोळी. अंगाला धुराचा आणि मुलींच्या डोक्याला लावलेल्या तेलाचा वास. तुला मुली नावानं नाही, आवाजानं ओळखता यायच्या. रात्री वसतिगृहात कोण खोकतंय ते तू अंथरुणातून सांगायचीस. आणि स्वतःचा खोकला मात्र तुला दोन महिने ऐकू आला नाही.

गेल्या पावसाळ्यात तो सुरू झाला. तू निवृत्त होऊन तळोद्याला लेकीजवळ, सोनलजवळ, राहत होतीस. आपल्याकडे खोकला लांबला की आधी टीबीच डोळ्यांपुढे येतो, त्यात कुणाचा दोष मी काढत नाही. बेडक्यात काही सापडलं नव्हतं. पण छातीच्या फोटोत डाग होता, वजन उतरत होतं, म्हणून टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. तू त्या इतक्या इमानानं घेतल्यास! मुलींना समोर उभं करून गोळी गिळायला लावणारी बाई तू, स्वतः चुकणार कशी? लघवी लाल होते म्हणून मला फोनवर हसत सांगितलंस. दसऱ्याच्या सुमारास सोनलचं लग्न ठरलं, शहाद्याकडचं चांगलं घर. साखरपुड्यात तू दाराशी खुर्ची टाकून बसलीस, कारण आत माणसांच्या गर्दीत तुला श्वास पुरत नव्हता. दिवाळी झाली आणि मी तुला गाडीत घालून सुरतेला नेलं.

तिथे छातीतून पाणी काढलं. पाठीतून फुफ्फुसात सुई घालून गाठीचा तुकडा घेतला. त्या सुईनं फुफ्फुसाबाहेर छातीत हवा साचली, बरगड्यांमधून नळी टाकावी लागली, आणि तू आठवडाभर त्या नळीला धरून पडून होतीस. पाण्यात कर्करोगाच्या पेशी निघाल्या. इतकं कळलं. पुढचं कळायला तुकडा पुरला नाही.

डॉक्टर आपल्या नवापूरकडचाच, तरुण, समजावून बोलणारा. त्याचं बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं. "बाई, आता परत सुई नको. हातातून रक्त घेऊ, दोन नळ्या. गाठीतल्या पेशी मरत असतात. त्यांचे बारीक बारीक तुकडे रक्तात येतात. त्या तुकड्यांवरून गाठीच्या जनुकात काय बदल झालाय ते पुष्कळदा कळतं. तुम्ही कधी विडी-तंबाखूला हात लावला नाही. अशा बायकांच्या गाठीत बऱ्याचदा असा बदल सापडतो, की त्यावर नुसती गोळी चालते. रोज एक गोळी, घरी बसून. केमोची घाई करायची नाही, आधी हे बघू."

मी म्हटलं, "आत्ताच घ्या."

तू मात्र विचारलंस, "जनुक म्हणजे सिकलसेलमध्ये असतं तेच ना, डॉक्टर?"

"जनुकं सगळ्यांत असतात, बाई. पण सिकलसेल हा रक्ताचा आजार आईबापांकडून येतो. हा बदल फक्त तुमच्या गाठीत झालाय, तोही या वयात. जन्मापासून तुमच्या अंगात नव्हता."

"म्हणजे माझ्या मुलीला जाणार नाही?"

"नाही जात. बहुतेक नाहीच."

"बहुतेक?"

तो बिचारा प्रामाणिक होता. म्हणाला, "अगदी क्वचित एखाद्या घरात वेगळं असू शकतं. म्हणून मी शंभर टक्के असं म्हणत नाही."

तू माझ्याकडे वळलीस. "आक्का, बहुतेकवर कोनी आंडेर देस का?" बहुतेकच्या भरवशावर कुणी मुलगी देतं का. मी हसले, मला तो विनोद वाटला. तेवढ्यात नर्स दंडाला बांधायची रबरी पट्टी घेऊन आली आणि म्हणाली, "काही नाही मावशी, मुंगी चावल्यासारखं होईल." आणि तू उठलीस. पिशवी काखेत मारलीस आणि चालायला लागलीस. नळी काढल्याला चार दिवस झाले नव्हते, धाप लागत होती, तरी जिन्यावरून खाली गेलीस. मी मागून हाका मारतेय, कमळ, कमळ. लोक बघताहेत.

गाडीत बसून परत निघालो. विसरवाडीला चहासाठी थांबलो. ट्रक उभे होते, कढईत भजी सुटत होती. तू भजी मागवलीस, त्यांतलं एकही खाल्लं नाहीस, आणि मला रंजूची गोष्ट सांगितलीस. इतक्या वर्षांत कधी सांगितली नव्हती.

शाळेत सिकलसेलची तपासणी आली होती. मुली घाबरल्या. तू एकेकीचा दंड धरलास आणि म्हणालीस, मुंगी चावते तेवढंच. रंजू नववीतली, पळून न्हाणीघरात लपली. तू तिला ओढून आणलंस. तिला पिवळं कार्ड मिळालं. म्हणजे आजार नाही, पण रक्तात खूण आहे. तिच्यासारख्याच पिवळ्या कार्डवाल्याशी लग्न झालं तर मूल आजारी निपजू शकतं. एवढाच त्याचा अर्थ, आणि तू तो वर्गात फळ्यावर लिहून समजावला होतास. पण कार्डाचा रंग डोंगरातल्या पाड्यांवर पोचला आणि अर्थ शाळेतच राहिला. पुढे रंजूचं जमलेलं मोडलं. मुलाची तर तपासणीसुद्धा झाली नव्हती. तू पायी गेलीस त्यांच्या पाड्यावर, त्यांच्या भाषेत बोललीस, मुलाच्या आईच्या पाया पडलीस. नाहीच म्हणाले. परत येताना रंजू वाटेत उभी होती. तुला म्हणाली, "बाई, मी देत नव्हते. तुम्ही माझा हात धरला."

"आक्का," तू म्हणालीस, "ती पोर रडनीबी नही. तिना डोया मी आजून देखस." तिचे डोळे मला अजून दिसतात.

मी तुझा हात धरला. मग मी तेच केलं जे मला येतं. समजावलं. त्या दिवशी समजावलं, दुसऱ्या दिवशी समजावलं, फोनवर समजावलं. गाठीचं जनुक वेगळं, माणसाचं वेगळं. भांड्याला पोचा पडला म्हणून साचा बिघडत नाही, त्या साच्यातून निघालेली दुसरी भांडी चांगलीच असतात. तू ऐकून घ्यायचीस आणि म्हणायचीस, "पन रगत ते मन्हं शे ना?" मी चिडून इंग्रजी शब्द वापरायला लागले की म्हणायचीस, "तुन्हं इंग्रजी तुन्हाजोडे ठेव. माले समजनं. तुले समजनं. शहादाले कोन समजाडी?"

शहाद्याला कोण समजावणार होतं? पोरांनो, नीट वाचा हे. तुमच्या कमळआजीला विज्ञान कळत नव्हतं असं मनात आणू नका. तिला माणसं कळत होती, आणि माणसांविषयी ती जे म्हणत होती ते खोटं नव्हतं. "मोठी जनुकीय तपासणी केली" एवढी बातमी शहाद्याला पोचली असती, तर ती कशी पोचली असती, कुणाच्या तोंडून, कोणत्या रंगात? ती हेच विचारत होती. आणि मी तिला पेशी समजावत होते.

"लगीन व्हई जाऊ दे," तू म्हणालीस. "मंग मन्हं सगळं रगत ली जा."

लग्न माघात होतं. मी म्हटलं, अलीकडे घेऊ. तू म्हणालीस, घाई का म्हणून विचारतील. मी म्हटलं, निदान केमो तरी सुरू कर. तू डोक्यावरून हात फिरवलास. केस गेले की लोकांना कळणार. सगळ्यांना न्यूमोनिया सांगितला होता. सोनलला मी सांगते म्हटलं, तेव्हा तू माझं मनगट धरलंस, आणि इतक्या अशक्त हातात इतका जोर कुठून आला मला कळलं नाही. "तू सांगं ते मी तुन्हा घरनं पानी पिवाव नही." म्हणून मी सांगितलं नाही. त्या अडीच-तीन महिन्यांत तू अर्धी झालीस. तुझ्या खोकल्याचा आवाज बदलला. मी डॉक्टरला चोरून फोन करायचे आणि तो म्हणायचा, "आजी, मी इथून काय करू? त्यांना घेऊन या." मी दाराला कडी लावून ओरडले आहे, कमळ, उशीत तोंड घालून. माझ्यासारखी बाई, जिच्या घरात चमचासुद्धा जागा सोडत नाही.

तरी हळदीचा दिवस मी कुणाला देणार नाही. मांडवात बाया गाणी म्हणत होत्या, एका ओळीवर अडल्या, पुढचं कुणाला आठवेना. तू खुर्चीतूनच ती ओळ उचललीस. तुझा जुना आवाज, वसतिगृह जागं करणारा. अर्ध्या ओळीत श्वास संपला. मी मागून तुला धरलं, बायांना वाटलं गळा दाटून आला, सगळ्यांनी मिळून पुढचं म्हटलं. सोनल हळदीनं पिवळी होऊन तुझ्याकडे बघून हसत होती. तू माझ्या कानाशी म्हणालीस, "देख आक्का, कशी दिखी ऱ्हायनी." त्या क्षणी मला तुझा हट्ट समजला. समजला म्हणजे पटला असं नाही. पण तुझ्या डोळ्यांनी एकदा बघितलं मी, एवढं मला मिळालं, आणि त्यासाठी मी तुझी ऋणी आहे.

लग्नानंतर सोनल पाचपरतावण करून सासरी गेली, आणि त्याच आठवड्यात तू हात पुढे केलास. दोन नळ्या. तू त्या नळ्यांकडे बघितलंस आणि म्हणालीस, "इतलंसंच? ह्यानासाठे तू मन्हा जीव खाधा?" तंत्रज्ञ मुलगी हसली. मीही हसले. आपण दोघी शेवटचं एकत्र हसलो ते तेव्हा.

रिपोर्ट माझ्या मेलवर आला. इंग्रजीतच होता. मी चष्मा पुसून तीनदा वाचला. शोधलेल्या बदलांपैकी एकही आढळला नाही. आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की आढळला नाही म्हणजे नाहीच असं समजू नये, गाठीनं रक्तात पुरेसे अंश सोडले नसतील तरी असा निकाल येतो, शक्य तर गाठीच्या तुकड्यावर तपासावं. डॉक्टरनंही फोनवर तेच सांगितलं. उत्तर "नाही" असं आलेलं नाही, उत्तरच आलेलं नाही. पुन्हा सुई घालावी लागेल.

मी तुला पहिलं वाक्य वाचून दाखवलं, आणि दुसरं वाचायच्या आत तू टाळी वाजवलीस. खरंच वाजवलीस, लहान मुलीसारखी.

"काही निंघनं नही! मी सांगं व्हतं ना? मन्हं रगत साफ शे!"

"कमळ, पुढचं ऐक."

"आते काय पुढलं?"

"हे स्वच्छ नाही. हे अपुरं आहे. गाठ आहेच. तिनं रक्तात काही सोडलं नाही म्हणून दिसलं नाही. आता तुकडा काढून बघायला हवा."

"अपुरं ते अपुरं. पन वाईट ते नही ना?"

आणि माझ्यासमोर तू शहाद्याला फोन लावलास. "विहीनबाई, मन्ही रगतनी मोठी टेस्ट करी. खानदाननी बी देखी लिनी म्हना. काही निंघनं नही." खानदानाचीही तपासून घेतली म्हणे! तो फोन करायची गरज काय होती? कुणी विचारलं होतं? मी फोन हिसकावून घ्यायला हात पुढे केला आणि तू माझ्याकडे पाठ फिरवलीस. तुझ्या पाठीची हाडं ब्लाउजमधून दिसत होती. इतके महिने जिची तू भीती घेऊन जगलीस ती गोष्ट तुझ्या मनावरून उतरली होती. पाठमोरी तू मला हलकी झालेली दिसलीस. आणि मी रिपोर्टची ती बारीक अक्षरं पुन्हा वाचत होते.

सुईला तू नाही म्हणालीस. "निंघनं नही, मंग आते कसाले टोचस?" आपलं खरं भांडण ते. आधीची सगळी लुटुपुटूची होती. मी तुला मूर्ख म्हणाले. अडाणी म्हणाले. हा शब्द मी तुला आयुष्यात कधी वापरला नव्हता. तू शांतपणे म्हणालीस, "हाव. अडानी शे मी. पन मन्ही आंडेर सुखी शे." मी घरी निघून आले. दोन दिवसांनी डबा घेऊन परत गेले, तू दार उघडून म्हणालीस, "काय आनं? मीठ देखीसन टाकं ना?" आपलं असंच मिटायचं नेहमी. पण ते मिटलं नव्हतं, नुसतं झाकलं होतं.

गोळीची वाट बंद झाली, केमो तेवढी उरली होती. एक दिली, तुला झेपली नाही. डॉक्टर म्हणाला, आता त्रास नको देऊया. फाल्गुन संपत आला, उन्हं कडक झाली, तळोद्याच्या घरात तुझ्या पलंगाशी ऑक्सिजनचं यंत्र घरघरायला लागलं. तेव्हाच सोनलला कळलं. ती येऊन पायाशी बसली आणि उठली नाही. तू तिच्या हिरव्या बांगड्यांवरून बोट फिरवत राहायचीस. मला एकदा जवळ बोलावलंस. मला वाटलं आता काही सांगशील. म्हणालीस, "आक्का, यंत्रना आवाज कमी कर ना." आणि तो कमी करता येत नव्हता.

आता खरं सांगते, ईशान, तुझ्या हिशेबी डोक्याला. दिवाळीत रक्त दिलं असतं तर ती वाचली असती का? मला माहीत नाही. तेव्हाही रिपोर्टमध्ये काही निघालं नसतं कदाचित. पण तेव्हा तिच्या अंगात दुसरी सुई सोसायची ताकद होती. आणि तिच्या गाठीत गोळी चालणारा तो बदल होता का? तेही माहीत नाही, आता कधी कळणार नाही, ते तिच्याबरोबर जळून गेलं. चूक कुठे झाली ते समजलं तर माणूस निदान एका जागी डोकं आपटून घेतो. मला ती जागासुद्धा नाही. कमळ, तू मला एवढी तरी जागा ठेवायची होतीस. मी सगळ्या घरभर आपटत फिरते.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सोनल माझ्याकडे आली. लग्नानंतरची पहिली आखाजी, मुलगी माहेरी येते, आणि तिचं माहेर आता मी. तिच्या सासूबाई स्वतः सोडायला आल्या. मी तुझ्या नावानं घागर भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, झोके खेळणाऱ्या पोरींची गाणी गल्लीतून येत होती. सासूबाई माणूस चांगल्या आहेत, कमळ, तू पारखून घेतलं होतंस. पण चहाचा कप खाली ठेवून त्या म्हणाल्याच.

"आक्का, एक इचारू का? वाईट नका मानू. विहीनबाईना रिपोर्टमा काही निंघनं नव्हतं ना? मन्हा पोऱ्याले काही नही. पन चार लोके इचारतस, पुढे लेकरंबाळं व्हतीन म्हनीसन."

तू ओळखलं होतंस ते हेच. अगदी हेच शब्द. मी त्यांना सगळं सांगितलं, स्पष्ट, एकही गोष्ट न लपवता. की तो रिपोर्ट अपुरा होता. की काही निघालं असतं तरी ते त्या गाठीचं होतं, सोनलचं नव्हे. की अशा आजाराची आई असणं हा मुलीच्या रक्तावरचा डाग नाही. त्या मान हलवत होत्या. मी थांबल्यावर मोठा श्वास सोडून म्हणाल्या, "जाऊ द्या ना आक्का. निंघनं नही ना? मंग बस." त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी गेली. तू केलेला तो एक फोन कामी आला. माझं सगळं शिक्षण एका बाजूला आणि तुझा फोन एका बाजूला. तुझं खरं झालं, कमळ, आणि मला ते कुणालातरी ओरडून सांगावंसं वाटलं की हे खरं व्हायला नको होतं, या एवढ्याशा खऱ्यासाठी माझी बहीण गेली.

सासूबाई गेल्यावर सोनल स्वयंपाकघरात आंबे पिळायला बसली. मी पुरण वाटत होते. तिनं चार-पाच आंबे पिळले. मग कोय बाजूला ठेवत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मावशी, खरं सांग. माय मन्हा लगीनसाठे थांबनी व्हती का?"

अन्वी, ईशान, हा कागद सोनलआत्याला दाखवायचा नाही. तुम्हाला मी खरं सांगितलं, कारण तुम्ही दूर आहात आणि तुमच्या अंगावर ते पडणार नाही. तिला नाही सांगू शकले. त्या पोरीनं जन्मभर आपल्या हळदीचे फोटो कसे बघायचे?

मी म्हटलं, "नही बेटा. तिले सुईनं भेव लागे."

सोनलचे हात रसात थांबले. "मायले? सुईनं भेव?"

मी म्हटलं, "हाव."

शाळेतल्या शेकडो पोरींचे दंड धरलेली तू. तुझ्याबरोबर त्या वसतिगृहात वाढलेली ही मुलगी. तिनं माझ्याकडे नीट निरखून बघितलं, आणि मग म्हणाली, "बरं." उठली, हात धुतले, पातेल्यावर झाकण ठेवलं आणि माझ्या हातातला वरवंटा ओढून घेऊन पुरण वाटायला बसली, तोंड भिंतीकडे करून.

तिनं विश्वास ठेवला नाही, कमळ. आषाढात ती परत येणार आहे, आणि परत विचारणार आहे. तेव्हा मी काय सांगू, एवढं तरी मला सांगून जायचं होतंस.